सोनाजी मिस्त्रीच्या स्लॅबवरचे गज

अंबडमध्ये कुठल्याही उंच गच्चीवर जाऊन चौफेर बघा. निम्म्या घरांच्या स्लॅबवर लोखंडी गज वर आलेले दिसतील. कॉलमचे चार-चार गज, कमरेएवढे उंच, गंजून तांबडे झालेले. कुणी त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घातलेत, कुणी टोकांवर प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घातल्यात. बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो, "काय हो, काम बंद पडलंय का?" अहो, बंद कशाला पडतंय? ते वरच्या मजल्यासाठी सोडलेत. पोरगं मोठं होईल, त्याचं लग्न होईल, मग ह्याच गजांना नवे गज बांधून वर चढायचं. आमच्याकडं घर बांधून कधी संपत नाही.

ह्या गजांवर मी तीस वर्षं पोट भरलं. मी सरकारी माणूस नाही. तहसीलच्या रस्त्याला माझं एका खोलीचं ऑफिस होतं आणि दारावर पाटी होती, 'परवानाधारक अभियंता'. लोक मला 'नकाशेवाले साहेब' म्हणायचे. डिप्लोमा करून आलो तेव्हा वाटलं होतं की पूल बांधीन, धरणं बांधीन. आयुष्य गेलं ते लोकांच्या संडास-बाथरूमच्या जागा ठरवण्यात. त्याचं आता वाईट वाटत नाही. पूल नसला तर माणूस वळसा घालून जातो, संडास नसला तर काय करील?

ज्यांचा ह्या कामाशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घराला रंग द्या, फरशी बदला, दारं बदला, कुणी विचारणार नाही. पण आतली भिंत पाडायची, खोली वाढवायची किंवा मजला चढवायचा म्हटलं की परवानगी लागते. मालकीचा कागद, मोजणी, घरपट्टीची पावती आणि नकाशा. जुन्या घरावर मजला असेल तर आणखी एक कागद लागतो: खालचं घर वरचा भार पेलेल, असा इंजिनिअरचा दाखला. त्यावर माझी सही. आता हे सगळं कम्प्युटरवर चालतं, पण सही करणारा माणूस अजून माणूसच आहे.

लोकांना हा सगळा कारभार म्हणजे त्रास वाटतो. टेंभुर्णीचे एक आडत व्यापारी आले होते. त्यांच्या हातात मेहुण्याच्या घराचा मंजूर नकाशा. म्हणाले, "साहेब, वरचं नाव बदला फक्त. आम्हाला सेम टू सेम पाहिजे." मी म्हणालो, "मेहुण्यांचा प्लॉट पूर्वेकडं तोंड करून आहे, तुमचा पश्चिमेकडं. तुमचा रस्ता ह्या नकाशात मागच्या भिंतीला येतो." ते म्हणाले, "मंग कागद उलटा धरा ना!" हसू नका, आरशात धरल्यासारखा उलटा नकाशा काढून मागणारे मला त्यांच्यानंतरही दोन भेटले.

दुसरे एक गृहस्थ होते, निवृत्त कंडक्टर. त्यांनी शेजाऱ्याच्या अंगणावर चार फूट गॅलरी काढली. नोटीस आली तेव्हा माझ्या टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "जमीन त्याची असंल. हवेचा सातबारा कुनाच्या नावावर हाय, दाखवा!" मी म्हणालो, "हवेचा नाही, पण तुमच्या गॅलरीतून पडणाऱ्या पाण्याचा पंचनामा होतो." मग कुठं त्यांनी गॅलरी तोडली. पुढं सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत.

घराच्या बाजूला मोकळी जागा सोडावी लागते, तिला मार्जिन म्हणतात. ते सोडताना लोकांचा जीव जातो. नकाशा पास होईपर्यंत सोडतात, मग हळूच तिथं मोरी येते, मोरीवर टाकी येते, टाकीच्या आडोशाला म्हैस येते. मीही कधीमधी डोळेझाक केली, खोटं कशाला बोलू? पण एकदा एका घरी म्हातारबाबांना अटॅक आला. जिना मी साडेतीन फुटी दाखवला होता, त्यांनी खाली दुकान मोठं निघावं म्हणून दोन फुटी केला. स्ट्रेचर वळेना. शेवटी चौघांनी चादरीत घालून उतरवलं. बाबा वाचले, पण त्यांच्या सुनेनं माझ्याकडं जे बघितलं, ते मी विसरलो नाही. त्यानंतर मात्र जिन्याच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकलं नाही.

आणि एक पथ्य पाळलं. जुन्या घरावर मजल्याचा दाखला द्यायचा असेल तर आधी खालच्या भिंतीचा वीतभर गिलावा फोडायचा. कॉलम भिंतीत लपलेला असतो, वरून कळत नाही. छिन्नी मारायची, आत काँक्रीट दिसलं तरच सही. घरमालकिणी चिडायच्या. "दिवाळीला रंग दिलाय हो साहेब!" मी म्हणायचो, "रंग पुन्हा देता येतो, ताई." हे पथ्य मी कायम पाळलं. एका घराचा अपवाद. त्या घरासाठी हा लेख लिहायला बसलो, बाकीचं सगळं पळवाट म्हणून लिहिलं.

ते घर सोनाजी मिस्त्रीचं.

सोनाजी गवंडी. अंबडात माझ्या नकाशांतली कितीतरी घरं त्यानं उभी केली. लिहायला-वाचायला जेमतेम, पण नकाशा वाचायचा तो माझ्यासारखा. ओळंबा सोडून डोळा बारीक करून उभा राहिला की मी गप्प बसायचो. एकदा माझ्या नकाशात जिन्याची एक पायरी बीमखाली जास्त येत होती. चार लोकांत बोलला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, ह्या जिन्यानं वर गेलं तर मान्साचं डोस्कं बीमला लागून राह्यलंय. जरा बघता का?" असा माणूस. त्याची बायको कमलबाई त्याच्याच हाताखाली काम करायची. माल कालवायचा, पाट्या वाहायच्या. दोघांनी जन्मभर लोकांची घरं बांधली, आणि मध्ये मध्ये जमेल तसं स्वतःचं. दोन खोल्या, वर स्लॅब, आणि स्लॅबवर सहा ठिकाणी चार-चार गज. सोनाजी गेला त्याला बरीच वर्षं झाली. मी मातीला गेल्तो.

दोन वर्षांपूर्वी त्याची मुलगी वंदना ऑफिसात आली. ती तीर्थपुरीकडच्या शाळेत शिक्षिका, रोज एसटीनं जाऊन-येऊन. लग्न इथंच, सासर दोन गल्ल्या पलीकडं. "जय भीम, काका," म्हणाली आणि बसायच्या आधीच रडायला लागली. तिचा धाकटा भाऊ मिलिंद पुण्याला कारखान्यात होता. कारखाना बंद झाला. बायको आणि दोन मुली घेऊन तो परत यायला निघाला होता, पण आईच्या दोन खोल्यांत पाच माणसं मावणार नव्हती. त्याची बायको म्हणत होती की मग संभाजीनगरलाच बिऱ्हाड करू, तिथं काम मिळेल.

"आईनं धसका घेतलाय, काका. म्हणते, एकदा तिकडं बिऱ्हाड केलं की तो परत यायचा न्हाई. वरच्या मजल्याची परवानगी काढून द्या. शाळा सुरू व्हायच्या आत दोन खोल्या झाल्या पाहिजेत. पोरींचं नाव इथल्या शाळेत घालायचंय."

मी दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन गेलो. कमलबाई सत्तरीच्या पुढं गेलेली, पण शिडीवरून माझ्या आधी स्लॅबवर चढली. सगळ्या गजांवर बाटल्या उपड्या घातलेल्या, आणि गज काय सांगू, एकाला गंज नाही! राखाडी, गुळगुळीत. दरवर्षी मिरगाच्या आधी ती वर चढायची आणि एकेक गज सिमेंटच्या पाण्यानं सारवायची. सोनाजीनं सांगितलं होतं म्हणून.

"मिलिंदसाठी सोडलेत त्यांनी," ती म्हणाली.

मी खाली आलो. पिशवीत छिन्नी होती. भिंतीला ताजा निळा रंग, पोरगा येणार म्हणून तिनं स्वतः दिलेला. मी विचारलं, "वहिनी, खाली कॉलम आहेत ना बराबर?"

तिनं त्या निळ्या भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "तुम्हीच बघा, साहेब."

मी हसलो. "सोनाजीच्या कामाचं काय बघायचं?" असं म्हणून छिन्नी पिशवीतच ठेवली. मला वाटलं, मी सोनाजीचा मान राखला. त्याच्या भिंतीला छिन्नी लावणं म्हणजे मेलेल्या माणसाच्या शब्दावर शंका घेणं, असं काहीतरी डोक्यात होतं. नकाशात मी सहा कॉलम दाखवले, 'अस्तित्वातील' असं त्यांच्यापुढं लिहिलं आणि दाखल्यावर सही ठोकली. माझ्या नावावर विश्वास म्हणून परवानगीही लवकर आली. वंदनानं पेढे आणले. मी दोन खाल्ले.

काम गफूर मिस्त्रीला दिलं. सोनाजीच्याच हाताखाली शिकलेला, पोट सुटलेला, दिलाचा साफ माणूस. विटा आल्या, वाळू आली. तिकडं मिलिंदनं पुण्याची खोली सोडली, सामान टेम्पोत भरायला काढलं. आणि एका सकाळी दहाच्या सुमारास गफूरचा फोन आला. "साहेब, जल्दी आओ. फोनवर बोलायची बात नहीं."

गेलो. गफूर स्लॅबवर उकिडवा बसला होता. नवे गज जोडायचे म्हणून त्यानं जुन्या गजांच्या बुडाशी काँक्रीट थोडं फोडलं होतं, आणि एक गज त्याच्या हातात होता. अख्खा. कमरेएवढा वर होता आणि खाली चार बोटं. स्लॅबच्या जाळीला तारेनं बांधलेला, बस्स. मी दुसरा हलवला, तो हलला. तिसऱ्याला गफूरनं घण लावला, तो आडवा झाला. सहाच्या सहा ठिकाणी तेच. खाली येऊन मी त्या निळ्या भिंतीला छिन्नी मारली. आत वीट. विटेच्या मागं वीट, आणि दोन विटांच्या मध्ये माती. कॉलम नावाला नव्हता. घर नुसतं मातीत रचलेल्या भिंतींवर उभं होतं. त्यावर अजून एक मजला चढवला असता तर... मी ते वाक्य तेव्हाही पुरं केलं नाही, आजही करत नाही. खाली दोन लहान मुली झोपणार होत्या.

गफूर म्हणाला, "उस्ताद ऐसा क्यूं किये, साहेब? उन्होंने तो मला कधी एक वीट वाकडी लावू दिली न्हाई."

कमलबाई दारात उभी होती. मी तिथंच विटांच्या ढिगावर बसलो. मला राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. म्हणालो, "वहिनी, खाली कॉलम नाहीत. तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत न्हाई कसं? पाया मीच भरू लागलेली. माल मीच कालवून दिल्ता." तिचा आवाज शांत होता. "कॉलमला लोखंड कुठून आणावं? खायला मिळत व्हतं तेवढंच. स्लॅब पडला त्या दिवशी ह्यांनी कुठल्या कुठल्या कामावरचे तुकडे मागून आणलेले, ते उभे केले. मी म्हन्लं, ह्याला काय अर्थ हाय? तर म्हन्ले, जन्मभर लोकांच्या घरावर गज सोडून राह्यलो कमल, आपल्याच घरावर नसावेत का? मिलिंद्या खालून बघंल, त्याला वाटंल बापानं आपल्यासाठी सोडलंय काही."

इंजिनिअरची जात, म्हणून विचारलंच, "मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"मी म्हन्लं व्हतं ना, तुम्हीच बघा." तिनं फोडलेल्या भिंतीकडं हात केला. "तुम्ही न बघताच हसलात. मंग कागदावर सही केली, नगरपालिकेचा शिक्का आला. तुम्ही शिकलेले, मी पाट्या वाहनारी. मला वाटलं माझंच ध्यान चुकलं असंल. मी कामावर गेल्यावर ह्यांनी मागून कधी कॉलम घातले असतील. तुम्ही होतंय म्हन्लात, मंग मला वाटलं, होतंय."

माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी इतकं घालून पाडून बोललं नाही, आणि तिनं तर रागाचा एक शब्दही वापरला नव्हता. तिनं स्वतःच्या हातांनी घर बांधलं होतं, आणि माझ्या सहीपुढं तिनं आपले हात खोटे धरले. मला लाज वाटली. आजही वाटते.

त्याच दुपारी मी अर्ज लिहिला: माझा दाखला चुकीचा आहे, तो मी मागं घेतो, काम थांबवावं. नगरपालिकेतल्या साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही? तुमची फाईल तर आम्ही डोळे झाकून पुढं करतो." मी म्हणालो, "मीही तेच केलं." त्यांनी शेरा मारला, मला लेखी समज दिली. बरोबरच होतं. बाजारात बातमी फिरली. एकदोन जणांनी सल्ला दिला, दोन बीम आडवे टाका आणि चढवून घ्या, कोण फोडून बघतंय? मी त्यांना चहा न पाजता परत पाठवलं.

वंदना मात्र खरी तुटली. "काका, त्यानं तिकडची खोली सोडलीय. आता मी त्याला काय सांगू? त्याची बायको तर संभाजीनगरला जायची वाटच बघून राह्यली होती." मी म्हणालो, "फोन लाव, मी सांगतो." मिलिंदला मीच सगळं सांगितलं, गजांचंही. तो एवढंच म्हणाला, "म्हंजे त्या गजांखाली काहीच न्हवतं?" मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "मी लहानपणी रोज मोजायचो. चोवीस." मग फोन ठेवून दिला.

मला वाटलं, संपलं. आता हा संभाजीनगरला जाणार. पण तिसऱ्या दिवशी टेम्पो आईच्या दारात उभा. वंदनानं गल्लीतच एक खोली भाड्यानं बघून दिली, पोरींचं नाव शाळेत घातलं. मिलिंद माझ्या ऑफिसात आला तो उभ्यानंच म्हणाला, "आता काय करायचं ते सांगा."

काय करायचं ते सोपं नव्हतं. जुन्या भिंतींवर भार नको, म्हणजे जमिनीतून नवे कॉलम उभे करायचे. बाहेरून करावेत तर मार्जिनची जागा जाते, परवानगी मिळत नाही. म्हणून आतून, भिंतींना लागून. खोल्या दोन्ही बाजूंनी फूटफूट आत येणार. शिवाय आमची जमीन काळी, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरमाचा टणक थर लागेपर्यंत खड्डा न्यावा लागतो. आणि एका वेळी एकच खड्डा, नाहीतर मातीतली भिंत खचायची. एक कॉलम नेमका बुद्धाच्या तसबिरीच्या जागी येत होता. नकाशा दाखवताना मी अडखळलो, तर कमलबाईनं उठून तसबीर काढली आणि समोरच्या भिंतीवर खिळा ठोकला. वर दोन खोल्यांऐवजी दीडच बसत होती. मिलिंदची बायको म्हणाली, "दीड तर दीड. पक्की पाहिजे बिलकुल." नवा नकाशा केला, नवी परवानगी आली. ह्या वेळी कुणी डोळे झाकून पुढं केली नाही. साहेब स्वतः घर बघून गेले. मला बरं वाटलं.

पहिला खड्डा मिलिंदनं आणि गफूरनं खणला. कारखान्यातला माणूस, हाताला फोड आले, पण थांबला नाही. एका सकाळी कमलबाईचा निरोप आला, खड्डा झालाय, या. गेलो. खड्डा माझ्या डोक्याएवढा खोल. मी काठावर उभा राहून वाकून बघितलं. तळाला काहीतरी पिवळसर दिसत होतं. म्हणालो, "लागलाय वाटतं मुरूम. टाका काँक्रीट."

कमलबाई शेजारी उभी होती. तिनं शिडी उचलली आणि खड्ड्यात सोडली.

"साहेब," ती म्हणाली, "खाली उतरून बघा."

गफूर दुसरीकडं बघायला लागला. माझे गुडघे गेलेले, चार पायऱ्या चढलो तरी धाप लागते. पण मी चप्पल काढली आणि उतरलो. तळाला टाचेनं दाबलं, पहार मागून घेतली, मारली. पहार टणकन वाजून उडाली. मुरूमच होता, पक्का. मूठभर उकरून वर तिच्या हातात दिला. तिनं तो बोटांत चुरून बघितला, जन्मभर माल कालवलेल्या बोटांनी.

"दिसलं?" तिनं वरून विचारलं.

"दिसलं, वहिनी."

"मंग आता करा सही."